व्हायोलिनच्या रेकॉर्डिंगखाली अॅप जे टेम्पो, की आणि मूड लिहितं, त्यातलं किती खरं मानायचं?

आजकाल गाण्याच्या कुठल्याही अॅपमध्ये रेकॉर्डिंग टाकलं की खाली लगेच तीन गोष्टी येतात. टेम्पो म्हणजे लय इतकी, की म्हणजे पट्टी अमुक, मूड म्हणजे भाव तमुक. फिल्मी गाण्यांपुरतं हे चाललं होतं, पण आता आमच्या जळगाव-भुसावळकडची व्हायोलिन शिकणारी पोरं शास्त्रीय रेकॉर्डिंगसुद्धा त्यात घालून बघायला लागलीत आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतात. नमुना म्हणून एक रेकॉर्डिंग घेऊ, म्हणजे पूर्ण लेखभर तेच धरून बोलता येईल. व्हायोलिनवर विलंबित, म्हणजे संथ लयीतला, भूप राग, साथीला तबला आणि तानपुरा, सा पांढरी दोनचा, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, ताल एकताल. अॅपचा निकाल असा येतो: टेम्पो १२०, की बी मायनर, मूड सॅड. आणि त्याच्याखाली एका आईचा मेसेज, "सर, पोरगी रोज संध्याकाळी हेच लावून बसते, हे दुःखी असेल तर लावू द्यायचं की नाही?"

प्रश्न अगदी मनापासूनचा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे असं मला वाटतं, कारण हे तीन शब्द एकाखाली एक, सारख्याच अक्षरात छापलेले असतात आणि बघणाऱ्याला वाटतं तिन्ही सारखेच पक्के असणार, थर्मामीटरवर ताप बघितल्यासारखे. तसं नाहीये. टेम्पो ही मोजायची गोष्ट आहे, फक्त काय मोजलं ते बघावं लागतं. की हा अंदाज आहे, पण चांगल्या कानाने तपासता येणारा. आणि मूड हा कोणीतरी दुसऱ्याने, दुसरंच संगीत ऐकून दिलेल्या मतांवरून काढलेला आकडा आहे. तिघांवर सारखा विश्वास ठेवायचा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते का, हे एकेक करून बघू.

टेम्पो म्हणजे काय, आणि १२० आले कुठून

टेम्पो म्हणजे एका मिनिटात किती ठोके पडतात तो आकडा, त्यालाच बीपीएम म्हणतात. ६० म्हणजे सेकंदाला एक, १२० म्हणजे सेकंदाला दोन. युरोपात आधी हे शब्दातच सांगायचे, अडाजिओ म्हणजे संथ, अलेग्रो म्हणजे जलद, प्रेस्टो म्हणजे खूपच जलद. मग १८१५ मध्ये मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं, तो टिकटिक करणारा लंबक, आणि बीथोव्हेनसारख्या मोठ्या माणसाने आपल्या रचनांवर आकडे लिहायला सुरुवात केली, तेव्हापासून आकड्याची सवय लागली.

आपल्याकडे लय मात्रेने, म्हणजे तालाच्या एकेका सारख्या ठोक्याने मोजतात. एकतालाच्या १२ मात्रा, धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना, आणि परत सम, म्हणजे पहिली मात्रा. आता आपल्या रेकॉर्डिंगमध्ये घड्याळ लावून बघा. समेपासून पुढच्या समेपर्यंत समजा ४८ सेकंद लागतात, विलंबित ख्यालाच्या चालीच्या वादनात हे काही विशेष नाही. म्हणजे एक मात्रा ४ सेकंदांची, म्हणजे मिनिटाला १५ मात्रा. खरा टेम्पो १५. अॅप सांगतंय १२०. आठपट!

हे असं होतं कसं ते तबल्याकडे कान दिला की कळतं. चौथी मात्रा ऐका, तिरकिट. ४ सेकंदांच्या एका मात्रेत ति, र, कि, ट असे चार बोल, म्हणजे बरोबर सेकंदाला एक बोल. शिवाय तबलजी दोन मात्रांच्या मधली जागा मोकळी ठेवत नाही, बारीक बारीक भरत राहतो. मशीनला मात्रा वगैरे काही माहीत नसतं, आवाज एकदम कुठे उठतो एवढंच ते शोधतं आणि अशा उठावांमध्ये सारखं अंतर कुठे सापडतं ते बघतं. त्याला सापडले सेकंदाला एक असे ठोके, म्हणजे ६०. मग मधले भरीचे बोल सापडले, त्यावरून ६० चे १२०. दुप्पट किंवा निम्मं सांगणं ही या सगळ्या सॉफ्टवेअरची जुनी खोड आहे आणि ती पाश्चात्त्य संगीतातही दिसते, फरक एवढाच की तिथे १२० च्या जागी ६० म्हटलं तरी काम भागतं, आणि इथे १५ च्या जागी १२० म्हटलं तर संथ वादन चक्क नाचायच्या गाण्याच्या रांगेत जाऊन बसतं.

त्यातून व्हायोलिनची स्वतःची एक अडचण. तबल्यावर थाप पडली की आवाज एकदम उठतो, आलेखावर काढला तर सरळ भिंतीसारखा दिसेल. व्हायोलिनचा गज तारेवर टेकतो, सरकायला लागतो, आणि सूर हळूहळू फुगतो, त्यात मींड, म्हणजे सूर न तोडता सरकत जाणं, असेल तर एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना मधे कुठे नवीन उठावच नसतो. आपल्या कानाला सूर बदललेला स्पष्ट कळतो पण मशीनला भिंत सापडत नाही. आणि तबला यायच्या आधीची आलापी घ्या, तिथे ठेकाच नाही, तरी बरीचशी अॅप काही ना काही आकडा देतातच, रिकामी जागा सोडत नाहीत. आलापाच्या तुकड्याखाली टेम्पो ९३ लिहिलेला दिसला तर त्याला काहीच अर्थ नाही, सरळ सोडून द्यायचा.

पण फिल्मी गाण्याचा टेम्पो तर बरोबर येतो

येतो ना, आणि का येतो तेही उघड आहे. तिथे ढोलक किंवा ड्रमचा ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा असतो, आणि आजकाल बहुतेक गाणी कॉम्प्युटरच्या क्लिकवरच रेकॉर्ड होतात, म्हणजे आधी आकडा ठरतो आणि मग गाणं त्याच्यावर बसतं. शास्त्रीय वादनात लय चढत जाते. विलंबितापासून सुरू होऊन मध्य, मग द्रुत, अर्ध्या तासात लय कित्येक पटीने वाढते, त्याला एकच आकडा लावणं म्हणजे पूर्ण दिवसाचं ऊन एका आकड्यात सांगण्यासारखं झालं. (पाश्चात्त्य व्हायोलिनवादकही एकल वाजवताना वाक्याच्या शेवटी थोडं रेंगाळतो, पुढच्या वाक्यात भरून काढतो, तिथेही तेच.)

की म्हणजे सूर परत परत जिथे येऊन थांबतात ती जागा

आता की. सप्तकात एकूण १२ सूर, पेटीवरच्या ७ पांढऱ्या आणि ५ काळ्या पट्ट्या. कुठलीही धून यातले काही सूर घेते आणि त्यातला एक सूर तिचं घर असतो, तिथे आली की धून निवांत होते. पाश्चात्त्य संगीतात की सांगताना दोन गोष्टी सांगतात, घराचा सूर कुठला आणि त्यावरचा गंधार मोठा की लहान. मोठा म्हणजे शुद्ध गंधार असेल तर मेजर, कोमल असेल तर मायनर. थोडंसं ढोबळ झालं हे, पण कामापुरतं बरोबर आहे.

भुसावळ लाईनवर रोज अपडाऊन करणाऱ्यांना हे पटकन समजेल. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड, स्टेशनं सगळ्या गाड्यांना तीच. पण एखादी गाडी भुसावळला वीस मिनिटं उभी राहते आणि पाचोऱ्याला न थांबता निघून जाते, दुसरी प्रत्येक ठिकाणी थांबते, तिसरी मनमाडहूनच सुटते. नुसती स्टेशनांची यादी दिली तर गाडी कुठली ते कोणी सांगू शकणार नाही, थांबा कुठे आणि किती ते लागतं. सुरांचंही तसंच. कुठले सूर लागले ही यादी झाली, आणि थांबा कुठे आहे यावरून घर ठरतं.

मशीन करतं काय, तर १२ खोके मांडतं आणि रेकॉर्डिंगभर कुठला सूर एकूण किती वेळ वाजला ते त्या त्या खोक्यात जमा करतं, सप्तक कुठलंही असो. मग हा ढीग आधीपासून ठरवलेल्या २४ नमुन्यांशी ताडून बघतं, १२ मेजर आणि १२ मायनर, आणि ज्याच्याशी जास्त जुळेल ते नाव देतं. हे नमुने मुळात लोकांच्या कानांवरून आलेत. कॅरोल क्रमहान्सल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९८० च्या आसपास प्रयोग केले, ऐकणाऱ्याला आधी थोडं संगीत ऐकवायचं आणि मग एकेक सूर वाजवून विचारायचं, हा इथे किती चपखल बसतो ते सांगा. त्या उत्तरांवरून प्रत्येक कीचा एक आलेख तयार झाला आणि की ओळखायची एक फार वापरली जाणारी पद्धत त्याच आलेखांवर उभी आहे. काम उत्तम आहे, मला त्याबद्दल आदरच आहे, पण ते कान पाश्चात्त्य संगीतात मुरलेले होते आणि नमुने २४ च आहेत, त्यात भूप, मारवा, तोडी या रागांना जागाच नाही.

आता आपला भूप घ्या. सा पांढरी दोन. सूर सा रे ग प ध, पाचही शुद्ध. पाश्चात्त्य नावाने हे डी, ई, एफ शार्प, ए आणि बी. आता हेच पाच सूर धैवतापासून म्हणजे बी पासून मोजून बघा, बी, डी, ई, एफ शार्प, ए, आणि बी पासून डी हा कोमल गंधार होतो. म्हणजे सूर तेच, घर धैवताला मानलं की ते बी मायनर होऊन बसतं! वादकाने धैवतावर जरा जास्त वेळ गज ठेवला, लांब मींड घेतली, की त्या खोक्यातला ढीग वाढला आणि मशीन बी मायनर म्हणून मोकळं. शुद्ध सुरांच्या भूपाला मायनर का म्हटलं, या कोड्याचं उत्तर एवढंच आहे.

आपल्याकडे तर हेच पाच सूर घेऊन दोन वेगळे रागच आहेत. भूप संध्याकाळनंतरचा, गंधारावर रमणारा. देशकार सकाळचा, धैवतावर रमणारा आणि उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात खेळणारा. यादी एकच, थांबे वेगळे. दोन्हींची रेकॉर्डिंग पाठोपाठ लावून बघा, पाच मिनिटांत फरक कानात बसतो, आणि अॅप दोघांना एकच की देऊ शकतं. मारव्याचं तर आणखी अवघड, कारण मारव्यात सा बराच वेळ टाळतात, रिषभ आणि धैवतावर झुलवत ठेवतात आणि मग सा लागतो तेव्हा ऐकणाऱ्याला हायसं होतं. जो सूर मुद्दाम टाळलाय तोच घर आहे हे ढीग मोजून कसं कळणार?

तानपुरा तर सतत सा सांगतो, मग तरी का चुकतं

चांगला प्रश्न. तानपुरा आपल्याला सांगतो कारण आपण त्याला खालची जमीन समजून ऐकतो. मशीनला तो आणखी एक आवाज, आणि बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये तो मागे, हळू असतो. दुसरं म्हणजे कुठल्याही तारेतून एकच सूर कधी निघत नाही. व्हायोलिनची सर्वात जाड तार पाश्चात्त्य पद्धतीने जुळवली तर सेकंदाला १९६ वेळा थरथरते, म्हणजे १९६ हर्ट्झ, पांढरी पाच. पण तीच तार त्याचवेळी ३९२ आणि ५८८ लाही बारीक आवाज देत असते, आणि ५८८ हा त्या सुराचा पंचम, पांढरी दोन. म्हणजे वादकाने सा वाजवला तरी पंचमाच्या खोक्यात थोडी भर पडतेच. मशीन एका पंचमाने घसरलेलं दिसलं तर कारण बहुतेक हेच असतं.

आणि १२ खोके मुळात कमीच पडतात. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या नातवाच्या त्या प्रसिद्ध शिलालेखात, ज्या सिंघण यादवाचं नाव येतं त्याच्याच पदरी देवगिरीला संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेव होते आणि त्यांनी तेराव्या शतकात सप्तकात २२ श्रुती, म्हणजे बारीक सुरांच्या जागा, मांडून दाखवल्या. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट कुठेही टेकवता येतं, म्हणून दरबारी रागाचा आंदोलित गंधार त्यावर इतका सुंदर निघतो. तो गंधार दोन खोक्यांच्या मधे झुलत असतो, मशीन त्याला ओढून जवळच्या खोक्यात टाकतं.

एकच रचना, दोन रेकॉर्डिंग, दोन वेगळ्या की

पाश्चात्त्य रेकॉर्डिंगलाही हा घोळ चुकलेला नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त आवडणारं प्रकरण आहे. विवाल्डी या जुन्या इटालियन संगीतकाराच्या ऋतूंवरच्या चार प्रसिद्ध कॉन्चेर्तोंपैकी (कॉन्चेर्तो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि साथीला वाद्यवृंद अशी रचना), जे १७२५ मध्ये अॅमस्टरडॅमला छापले गेले, वसंत ऋतूचा ई मेजरमध्ये आहे. एखाद्या रेकॉर्डिंगवर अॅप ई मेजर सांगतं, दुसऱ्यावर ई फ्लॅट मेजर, अर्ध्या सुराने खाली. पोरं म्हणतात अॅप चुकलं. अॅप बरोबर आहे. आजचा ठरलेला मापाचा सूर म्हणजे ए बरोबर ४४० हर्ट्झ, १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून तो नक्की झाला. पण जुन्या काळाच्या पद्धतीने वाजवणारे वाद्यवृंद आज ए साधारण ४१५ ला लावतात, म्हणजे जवळजवळ बरोबर अर्धा सूर खाली. वादकांसमोरच्या कागदावर ई मेजर, कानावर येतो ई फ्लॅट. दोन्ही खरं.

जुन्या रेकॉर्डिंगमध्ये अजून एक भानगड, तबकडीचा वेग. ७८ वाली, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी तबकडी खरंतर ७६ च्या वेगाने भरलेली असेल आणि आपण ७८ ने वाजवली, तर लयही वाढते आणि सूरही चढतो, जवळपास पाव सुराने, म्हणजे मशीन नेमकं दोन खोक्यांच्या मधे अडकतं. कॅसेटच्या जमान्यात सेल उतरले की गाणं कसं जड, खालच्या सुरात यायचं ते आठवत असेल तुम्हाला, तेच उलट दिशेने. अर्धा सूर चढायला वेग फक्त ६ टक्क्यांच्या आसपास वाढावा लागतो. म्हणून कुठल्या जुन्या बुजुर्गाचा सा काळी एक होता की पांढरी दोन यावर नुसत्या रेकॉर्डिंगवरून वाद घालण्यात अर्थ नाही. आणि रीलवर हल्ली स्लो करून, घुमवून टाकलेले जे व्हायोलिनचे तुकडे फिरतात त्यांचंही तसंच, बऱ्याचदा वेगाबरोबर सूरही खाली ओढलेला असतो. यूट्यूबचं स्पीडचं बटण मात्र वेगळं, तिथे ०.७५ केलं तरी सूर जागेवर राहतो, फक्त लय उतरते, रियाजाला ते खुशाल वापरा.

व्हायोलिनला डी इतकी का आवडते

हे जाता जाता, पण माहीत असलेलं बरं. बीथोव्हेन, ब्राम्स, चायकोव्हस्की, तिघांचेही व्हायोलिन कॉन्चेर्तो डी मेजरमध्ये आहेत. हा योगायोग म्हणायचा का? चार मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. डी मेजर वाजवताना सा, पंचम, मध्यम, रिषभ असे महत्त्वाचे सूर मोकळ्या तारांवर पडतात, आणि ज्या तारा वाजवल्या नाहीत त्याही सोबत थरथरतात, त्यामुळे वाद्य उघडं, भरलेलं वाजतं. म्हणजे कीचा परिणाम लाकडावर आणि तारेवर होतो, तो खराखुरा ऐकू येतो. आपल्याकडे वादकांनी वेगळीच युक्ती काढली, तारा सा-प च्या जोड्यांत लावायच्या आणि सा सोयीने कुठेही ठेवायचा, म्हणजे कुठल्याही पट्टीत मोकळी तार घराचीच. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायावर टेकवून बसायची पद्धतही त्यासाठीच जमली, हात मोकळा राहतो आणि लांब मींड घेता येते. पं. व्ही. जी. जोग, पं. डी. के. दातार, ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकलेल्या डॉ. एन. राजम, यांना ऐका म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल, राजम बाईंचं व्हायोलिन तर गळ्यासारखं गातं.

मूड: हा आकडा येतो कुठून

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. मशीनला भावना कळत नाहीत हे सांगून विषय संपत नाही, ते काय करतं ते समजून घेऊ. भावनांसाठी बहुतेक ठिकाणी दोन रेषा वापरतात, जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये मांडलेली कल्पना आहे ती. एक रेषा सुखद ते दुःखद, दुसरी शांत ते उत्तेजित. स्पॉटिफायच्या आकड्यांतही ० ते १ मध्ये असंच माप असायचं, एक गाणं किती प्रसन्न आहे त्याचं आणि एक किती जोरकस आहे त्याचं. २०१४ मध्ये त्यांनी विकत घेतलेल्या एको नेस्ट कंपनीकडून हे तंत्र आलं, आणि बाहेरच्या कितीतरी छोट्या अॅपनी हेच आकडे उचलून दाखवले. नोव्हेंबर २०२४ पासून नवीन अॅपना ते मिळणं बंद झालं, त्यामुळे आता जो तो आपापलं मॉडेल लावतो आणि दोन अॅपचे मूड एकमेकांशी जुळत नाहीत.

मॉडेल शिकवायचं कसं, तर माणसांनी हजारो तुकडे ऐकून हा आनंदी, हा उदास असं लिहायचं, आणि मशीनने त्यातून खुणा शोधायच्या. जलद, मोठ्याने, चमकदार आवाज, मेजर, म्हणजे आनंदी. संथ, हळू, मायनर, म्हणजे उदास. आपल्या भूपाला आता बघा. मायनर हा शिक्का तर कीच्या चुकीने आधीच बसलाय, वर आवाज हळुवार, लांबलचक सूर, म्हणून उदास. एका चुकीवर दुसरी चूक चढली आणि त्याच्यावर एक माय काळजीत पडली.

मायनर म्हणजे दुःखी असं तर सगळेच सांगतात

पाश्चात्त्य संगीतात त्यात तथ्य आहे, नाकारायचं कारण नाही. केट हेव्हनर यांनी १९३० च्या दशकात प्रयोग केले, तीच धून कधी मेजर कधी मायनर, कधी जलद कधी संथ वाजवून लोकांना विचारलं, आणि फरक पडला, पण लयीचा परिणाम फार मोठा निघाला. तिथेच अपवादही भरपूर. मेंडेलसनचा कॉन्चेर्तो, १८४५ मध्ये लाइपझिगला पहिल्यांदा वाजलेला, ई मायनरमध्ये आहे आणि तो सुरुवातीपासून धगधगत असतो, त्याला सॅड म्हणवत नाही. बाखची डी मायनरमधली शाकोन ही रचना, एकट्या व्हायोलिनची, पाव तासाच्या आसपासची, तिच्या मध्यावर सगळं डी मेजरमध्ये उघडतं आणि मग परत मायनर, त्याला एक शब्द काय लावणार?

आणि आपल्याकडे तर हा नियम टिकतच नाही. मालकंसात गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल, पण राग भारदस्त, गंभीर, रडका अजिबात नाही. मारव्यात गंधार शुद्ध आणि तरी दिवेलागणीची ती हुरहूर. आपल्या खान्देशातलंच घ्या, श्रावणात कानबाई बसते, दुसऱ्या दिवशी विसर्जनाला वाजंत्री जोरात असते, बाया फुगड्या घालतात, गाणी चढ्या लयीत, आणि नदीवर पोचेपर्यंत कितीतरी जणींचे डोळे भरलेले असतात. लय जलद आणि आवाज मोठा एवढ्यावरून त्या वेळचं मन कोणाला सांगता येईल का?

परक्या लोकांनाही रागाचा भाव कळतो म्हणतात, मग मशीनला का नाही

हे बरोबर आहे आणि या प्रश्नाचं उत्तर त्यातच मिळतं. १९९९ मध्ये बाल्कविल आणि थॉम्पसन या संशोधकांनी हिंदुस्थानी राग कधीच न ऐकलेल्या पाश्चात्त्य लोकांना रागांचे तुकडे ऐकवले. आनंद, दुःख आणि राग, म्हणजे क्रोध, हे त्यांना बऱ्यापैकी ओळखता आले, लय आणि सुरांची गुंतागुंत यावरून. जो भाव नीट ओळखू आला नाही तो होता शांत. माझ्या मते सगळं इथे आहे. करुण संथ असतो, शांतही संथ असतो, बाहेरून खुणा जवळपास सारख्या, आणि शांत आहे हे कळायला त्या संगीतात थोडं राहिलेलं असावं लागतं. आपल्या शास्त्रीय व्हायोलिनचा किती मोठा भाग शांत आणि भक्तीच्या आसपास आहे! तो सगळा त्या दोन रेषांवर खालच्या डाव्या कोपऱ्यात, सॅडच्या खोक्यात जाऊन पडतो.

तर त्या ताईंना उत्तर असं, भूप संध्याकाळचाच राग आहे, पोरगी योग्य वेळेला योग्य तेच ऐकतेय, खुशाल लावू द्या. तिला त्यातून रडू येत असेल तर तिच्याशी बोला, अॅपशी नको.

मग अॅप काढून टाकायचं का, आणि स्वतः कसं तपासायचं

काढायची गरज नाही. पाश्चात्त्य तुकडा असेल, ठेका ठळक असेल, तर टेम्पो आणि की बहुतेक वेळा उपयोगी पडते. आपलं वादन असेल तर हाताने तपासायला फार वेळ लागत नाही.

लयीसाठी मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं. तबलजीची सम पकडा, सुरू करा, पुढच्या समेला थांबवा. मात्रा गुणिले ६० भागिले सेकंद. १२ मात्रा, ४८ सेकंद, उत्तर १५. सम पकडता येत नसेल तर धिं धिं धागे तिरकिट तोंडाने म्हणत राहा, दोन-तीन आवर्तनांत सापडते.

सा शोधायला डोळे मिटून तानपुऱ्यावर कान ठेवा आणि हळूच गुणगुणा. ज्या सुरावर गळा आपोआप थांबतो, पुढे जावंसं वाटत नाही, तो सा. मग तो पेटीवर शोधा. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. अॅपने मायनर सांगितलं असेल तर त्या सुरापासून पेटीवर तीन पट्ट्या वर जा, काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजत, बी मायनर असेल तर बी नंतर सी, सी शार्प, डी, आणि तो डी तानपुऱ्याशी लावून बघा. भूपासारख्या रागात तोच खरा सा निघण्याची शक्यता फार.

मुलांची रेकॉर्डिंग अपलोड करताना हल्ली फॉर्ममध्ये हेच तीन रकाने भरायला सांगतात. टेम्पोच्या जागी ताल आणि मात्रेचा वेग लिहा, एकताल विलंबित, १५. कीच्या जागी नुसतं डी लिहा, मेजर-मायनर लावू नका, आणि शीर्षकातच रागाचं नाव, सा पांढरी दोन असं टाका. मूडचा रकाना रिकामा ठेवता येत असेल तर ठेवा, सक्तीचा असेल तर यादीत शांत किंवा भक्ती असं काही आहे का ते बघा, आणि तेही नसेल तर पोराला विचारून लिहा, वाजवलंय त्याने.